चिमुकल्या ब्लॉगला मोठ्या ब्लॉगवाल्या ताईंनी हात दिला, आता आभार मानायचे तरी कसे?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटेल पण आठ दिवस डोक्यात घोळतोय म्हणून विचारून टाकतो. लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

मी जुळे सोलापुरात राहतो, एका करसल्लागाराकडे कामाला आहे. दीड वर्षापासून एक ब्लॉग लिहितो, विषय म्हणजे आपल्या जिल्ह्यातली जुनी देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) असलं काय काय. रविवारी गाडीला किक मारायची, फिरून यायचं, फोटो काढायचे आणि रात्री बसून लिहायचं. वाचणारे किती, तर दहा-बारा. त्यातले चार घरचे आणि एक मी स्वतःच, दुसऱ्या मोबाईलवरून.

मागच्या महिन्यात हत्तरसंग कुडलला गेलो होतो, भीमा आणि सीना मिळतात तिथं. तिथलं ते शेकडो तोंडांचं शिवलिंग बघायला सगळेच जातात, मला बघायचा होता संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवरचा, म्हणजे खांबांवरच्या आडव्या दगडावरचा, मराठी शिलालेख. 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल. मान मोडेस्तोवर वर बघत पंचवीस-तीस फोटो काढले, त्यातला एक बरा आला. घरी येऊन पोस्ट टाकली आणि त्यात छातीठोक लिहून टाकलं की हा लेख इ.स. ९४० चा. अहो शके ९४० आहे ते! रात्री साडेबाराला पेंगत टाईप करताना शके खाऊन टाकलं. आकड्यात चूक करायची नाही एवढ्याचाच पगार घेतो मी, आणि तिथंच माती खाल्ली.

तिसऱ्या दिवशी एका ताईंचा मेल आला. मंदिरं-मूर्तींवर गेली कित्येक वर्षं लिहितात, वाचकवर्ग मोठा आहे, मी त्यांचं सगळं वाचलेलं आहे पण कधी एक कमेंट टाकायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती. मेल एवढाच होता की पोस्ट दोनदा वाचली, तुळईचा असा जवळून काढलेला फोटो मी तरी नेटवर पाहिला नव्हता, एक बारीकशी गोष्ट, शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो तेव्हा ते १०१८ होईल, सवडीने बघा. आणि शेवटी, 'दुरुस्त झालं की कळवा, मला माझ्या वाचकांना तुमच्याकडे पाठवायचंय.'

बघा हं, हे त्या खाली कमेंटमध्ये लिहू शकल्या असत्या. चारचौघांत माझी काढून, स्वतःची हुशारी दाखवून मोकळ्या झाल्या असत्या आणि त्यात चूक माझीच होती. तसं केलं नाही, मी दुरुस्त करेपर्यंत थांबल्या. मग आपल्या नव्या लेखात तीन ओळी माझ्या पोस्टबद्दल लिहिल्या आणि लिंक दिली. फोटो उचलून आपल्याकडे लावला नाही, 'बघायचा असेल तर तिकडे जा' असं लिहिलं.

आदल्या दिवशी माझे व्ह्यूज ११ होते, त्या दिवशी ८६४. मी ऑफिसात टेबलाखाली मोबाईल धरून आकडा रिफ्रेश करत होतो, साहेबांनी दोनदा विचारलं तब्येत बरी आहे का. मंद्रूपकडच्या एका निवृत्त गुरुजींनी तर लहानपणी संक्रांतीला संगमावर न्हायला बैलगाडीने कसे जायचे ते कमेंटमध्ये एवढं मोठं लिहिलंय की माझ्या पोस्टपेक्षा तेच भारी.

तर आता प्रश्न. मी 'खूप खूप धन्यवाद ताई' असा मेल टाकला, पाठवल्यावर वाटलं हे काय, एवढं तर आपण रिक्षावाल्यालापण म्हणतो. बायको म्हणते चादर पाठवा, आई म्हणते सिझनला हुरड्याला बोलव, मित्र म्हणतो येडा आहेस का, तिला पण लिंक पाहिजे असणार, देऊन टाक आणि विषय संपव. तुम्ही अशा माणसांचे आभार कसे मानता? का काहीच करायचं नसतं?

कडकभाकरी

चादर नको ओ, ज्याच्या त्याच्या घरी सोलापुरी चादरींचा गठ्ठा असतो, लग्नात आलेल्या आणि लग्नात द्यायला ठेवलेल्या. शेंगाचटणी पाठवा. पण कुरिअरने पाठवणार असाल तर डबल पिशवी करा आणि वर डबा, नाहीतर तेल सुटतं, मी एकदा पुण्याला पाठवली तर पोचेपर्यंत पार्सलवरचा पत्ताच पुसला गेला होता. आणि पत्ता मागायच्या आधी विचार करा, ऑनलाईन ओळखीवर घरचा पत्ता द्यायला बायकांना अवघड वाटतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बराहावाला

सीनाकाठ, तुमचं वाचून जुने दिवस आठवले. मी २००६ पासून ब्लॉग लिहितोय (मधली पाच वर्षं बंद होता, संसार). तेव्हा मोबाईलवर मराठी बिराठी काही नव्हतं, कॉम्प्युटरवर बराहा नाहीतर गमभन घेऊन टाईप करायचं आणि निम्म्या लोकांना युनिकोडच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. म्हणजे लिहिणारे मूठभर, वाचणारेही तेच मूठभर. त्यामुळे एकमेकांना धरूनच चालावं लागायचं. प्रत्येक ब्लॉगच्या कडेला एक यादी असायची, ब्लॉगरोल म्हणायचो आम्ही, 'मी हे वाचतो' म्हणून. मोठ्या माणसाच्या त्या यादीत आपलं नाव दिसलं की लग्नपत्रिकेत 'आपले विनीत' मध्ये नाव छापून आल्यासारखं वाटायचं.

मग फेसबुक आलं, जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर बंद पडलं, ज्यात आम्ही पन्नास-पन्नास ब्लॉग एका जागी वाचायचो, आणि ती यादीची पद्धत हळूहळू गेलीच. आता तर काय, लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि खाली 'लेखक अज्ञात'. लेखक अज्ञात कसला, तो बिचारा ब्लॉगवर नावगावासकट बसलेला असतो, फॉरवर्ड करणाऱ्याने नाव कापलेलं असतं. अशा दिवसांत एखादी बाई दुसऱ्याचं वाचून, त्यातली चूक काढून, ती दुरुस्त होईस्तोवर थांबून मग लिंक देते म्हणजे फारच झालं.

आभाराचं म्हणाल तर सरळ त्या पोस्टच्या खाली एक ओळ टाका, आधी इ.स. ९४० असं चुकून लिहिलं होतं, अमुक यांनी लक्षात आणून दिलं. चूक गुपचूप खोडू नका. ज्यांनी आधीची पोस्ट वाचून ९४० आकडा पुढे ढकलला असेल त्यांनाही कळेल, आणि ताईंचं श्रेय तिथं कायमचं राहील. चटणी आठ दिवसांत संपते.

अजून एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या पोस्टमध्ये आनंद कुंभारांचं नाव आहे का? हा कुडलचा लेख ज्यांच्यामुळे उजेडात आला ते आपल्या सोलापूरचेच, नोकरी सांभाळून, कुठल्या विद्यापीठाची खुर्ची नसताना गावोगाव फिरून शिलालेख शोधले आणि वाचले त्या माणसाने. २०१९ मध्ये गेले. तुम्हाला ताईंनी वाचक पाठवले ते बरोबरच, पण तुम्ही तुळईखाली मान वर करून उभे राहिलात ते कुणामुळे?

सीनाकाठ

गेली की अब्रू. नव्हतं नाव. 'अभ्यासकांच्या मते' असं लिहून मोकळा झालो होतो. आजच्या आज टाकतो.

बराहावाला

अहो 'अभ्यासकांच्या मते' मी पण दहा वर्षं लिहीत होतो. चालायचंच.

पूर्वभागातली

माझा अनुभव लिहू का, थोडा वेगळा आहे. आमची घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी. आई बिड्या वळते, आजीपण वळायची. मी त्यावरच लिहायला लागले, म्हणजे रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवलेली पानं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, सूप मांडीवर, तंबाखू, दोरा, आणि हात चालू ठेवून सगळ्या गल्लीच्या गप्पा. आईची बोटं बोलताना थांबत नाहीत, मी एकदा तिला म्हटलं फोटोसाठी जरा हळू वळ तर तिला हळू वळताच येईना, तीन बिड्या सैल झाल्या आणि वर मला शिव्या.

माझं मराठी कसं, ण चा न होतो, ळ चा ल होतो, 'ते पान' चं 'तो पान' होतं. एका ग्रुपवर लिंक टाकली तर पहिलीच कमेंट 'आधी शुद्धलेखन शिका'. आठ महिने काही लिहिलं नाही मग मी.

नंतर एका जुन्या ब्लॉगरनी, सर म्हणते मी त्यांना, स्वतःहून विचारलं की आमच्याकडे पाहुणी म्हणून लिहिणार का. मी घाबरत पाठवलं. त्यांनी फोनवर तासभर बसून एकेक ओळ घेतली, काय बदलतोय आणि का ते सांगून बदललं, आणि आईच्या तोंडची तेलुगू वाक्यं मी मराठी करून टाकली होती ती परत तेलुगूत घालायला लावली. देवनागरीतच लिही, खाली अर्थ दे, पण ती बोलली तसं राहू दे म्हणाले. ते छापून आल्यावर आईला वाचून दाखवलं, ती आपली वाक्यं ऐकून हसतच सुटली, शेजारच्या दोघींना बोलावून परत वाचायला लावलं.

मी आभार कसे मानले तर लगेच काहीच जमलं नाही, नुसता स्मायली पाठवला मी! तीन महिन्यांनी एक मोठा मेल लिहिला की सर तुमच्या लेखानंतर हे झालं, मी परत लिहायला लागले, सात पोस्ट झाल्या, आईच्या मैत्रिणी आता स्वतःहून सांगतात हे पण लिही. त्यांनी उत्तर दिलं की असा मेल फार क्वचित येतो, बहुतेक जण त्याच दिवशी थँक्यू म्हणतात आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. तर तुम्ही पण दोन-तीन महिन्यांनी परत एक मेल करा असं मला वाटतं.

रोखठोक_सातरस्ता

काय बे सगळे इतकं गोड गोड बोलायलाय, डायबेटिस होईल. जरा दुसरी बाजू पण ऐका.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढले होते मी, गर्दीत घुसून, अक्षता सोहळ्याला सकाळपासून उन्हात जागा धरून उभा राहून. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या पेजवर माझाच फोटो, कोपऱ्यातलं नाव कापलेलं, खाली 'साभार : इंटरनेट'. इंटरनेट काय माझ्या चुलत्याचं नाव आहे का? मेसेज केला तर म्हणे तुम्हाला प्रसिद्धीच मिळाली ना. नाव कापल्यावर प्रसिद्धी कुणाला मिळाली बे? मोठा झाला म्हणजे मन मोठं असतंच असं काही नाही.

आणि सीनाकाठ, तुमच्या मित्राचं ऐकू नका. 'तुम्ही माझी द्या मी तुमची देतो' असे मेल मला पण येतात, आठवड्याला एक. नुसत्या अदलाबदलीसाठी ढिगाने लिंका लावणं गूगललापण चालत नाही, त्यांच्या नियमात सरळ लिहिलंय. मनापासून आवडलं म्हणून लिंक दिलीत तर प्रश्नच नाही. पण फेड म्हणून दिली तर त्यांनी जे केलं त्याचा तुम्ही बाजारभाव काढला असं होतं.

बाकी त्या ताईंचं कौतुकच आहे. आमच्या नशिबात नाही आल्या एवढंच.

तिफण

मी बार्शीकडची, शेती आणि ज्वारीवर बारा-तेरा वर्षं लिहितेय, त्यामुळे इथल्या हिशेबाने मी त्या 'मोठ्या' बाजूची म्हणायची. तिकडून कसं दिसतं ते सांगते.

एक म्हणजे कृपा करून आम्हाला देव करू नका. एकदा एका मुलाने फेसबुकवर मला टॅग करून 'ताईंमुळे मी लिहिता झालो' वगैरे भलं मोठं लिहिलं. प्रेमाने लिहिलं होतं, वाईट काहीच नव्हतं त्यात, पण पुढचे पंधरा दिवस मला रोज सात-आठ जणांचे मेसेज, ताई आमची पण लिंक द्या. बऱ्याच जणांनी माझं एक अक्षर वाचलेलं नव्हतं, एकाने तर मला 'सर' म्हटलं. मी वाचल्याशिवाय लिंक देत नाही आणि एवढं वाचायला वेळ कुठला, शेवटी काही जण रुसले. म्हणून जाहीर कौतुक करायच्या आधी त्या ताईंना एकदा विचारा, नाव घेतलं तर चालेल का म्हणून. बहुतेक हो म्हणतील. पण विचारा.

दुसरं म्हणजे हे काही एका बाजूनेच चालत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर मी एकदा लिहिलं होतं आणि मालदांडी ३५-१ बद्दल असं लिहून गेले की हे वाण तिथल्याच शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपत आणलंय. एका मुलीचा मेल आला, तिच्या ब्लॉगवर तेव्हा पाच पोस्ट होत्या फक्त. म्हणाली ताई, मालदांडी नावाची गावठी ज्वारी जुनी आहे ते बरोबर, पण ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात त्या गावठी ज्वारीतून निवड करून काढलंय. मी शोधलं तर तिचं बरोबर. माझी पोस्ट तोवर हजारोंनी वाचलेली! खरं सांगते, पहिली पाच मिनिटं राग आला मला, ही कोण मला सांगणारी. मग पोस्ट दुरुस्त केली आणि तिचे पाचही लेख वाचून काढले. तिसऱ्या लेखात कडब्याच्या गंजीवर पावसाचं पाणी आत उतरू नये म्हणून पेंढ्या कशा उतरत्या लावतात हे तिने असं लिहिलंय की शेतात वाढून मला ते कधी लिहावंसं सुचलं नव्हतं. तिला मी लिंक दिली ती काही उपकार म्हणून नाही, मला ते वाचकांना दाखवायचंच होतं.

तुमच्या ताईंचंही तसंच असणार. त्यांना तो फोटो हवा होता, म्हणजे बघायला हवा होता. मी त्यांच्या जागी असते तर चादरीपेक्षा मला आवडलं असतं की तुम्ही परत जाऊन त्या शिलालेखाचा आणखी चांगला फोटो काढलाय. आणि 'खूप छान ताई' न लिहिता त्यांच्या एखाद्या जुन्या लेखातली कुठली ओळ तुम्हाला आठवते ते लिहा. तुम्ही म्हणताय ना सगळं वाचलंय, मग तेच सांगा की त्यांना!

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार, आता हे 'आभार' लिहितानापण हात अडखळायला लागलाय.

काय काय केलं ते सांगतो. पोस्टच्या खाली दुरुस्तीची ओळ टाकली, आनंद कुंभारांचं नाव वर पहिल्या परिच्छेदातच घातलं. ताईंना विचारून त्यांचं नाव लिहिलं, त्या म्हणाल्या आडनाव नको, नुसतं ब्लॉगचं नाव टाका. आणि मेल परत लिहिला. त्यांचा वीरगळावरचा एक जुना लेख आहे, त्यात त्यांनी लिहिलंय की गावातल्या बायका वीरगळाला शेंदूर लावून देव म्हणून पुजतात म्हणूनच तो दगड रस्त्याच्या खडीत गेला नाही. ते वाचल्यापासून मी शेंदूर फासलेल्या दगडांवर चिडायचं बंद केलं, ते सांगितलं त्यांना. तासाभरात उत्तर. एवढं मोठं उत्तर मला पहिल्या वेळीपण आलं नव्हतं.

आणि तिफणताई, तुम्ही म्हणालात तस्सं झालं. शेवटी त्यांनी विचारलंय की तुळईवरच्या अक्षरांचा आडव्या उजेडातला फोटो मिळेल का, समोरून उजेड पडला की खाचा सपाट दिसतात म्हणे, बाजूने बॅटरी धरली की सावली पडून अक्षर उठून येतं. पण मला एकट्याने बॅटरी धरून फोटो काढायला जमणार नाही, हात दोनच आहेत. पुढच्या रविवारी कुणी येणार का?

बराहावाला

मी येतो. फक्त अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, पिठी, पावडर काही फासायचं नाही, कुणी आधी फासली असेल तर घासून काढायलापण जायचं नाही. नुसता उजेड.

रोखठोक_सातरस्ता

ट्रायपॉड आहे माझ्याकडे. पण फोटोवर माझं नाव पाहिजे, आणि ते कापलं तर बघा.

पूर्वभागातली

मी आणि आई दोघी आलो तर चालेल का? आईने संगम बघितलेला नाही अजून.

सीनाकाठ

चालेल काय, याच. रविवारी सकाळी सहा वाजता सात रस्त्याला भेटू. दहानंतर ऊन तापतं, त्याच्या आत परत यायचं. रोखठोकभाऊ तुमचं नाव आधी, माझं नंतर.

कडकभाकरी

भाकरी आणि चटणी माझ्याकडे लागली. डबल पिशवीत आणतो.